जर्मनटाऊन: तीन दिवस, एक घर आणि अण्णांचा एकच प्रश्न

नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टनचं पांढरं घर कुंपणाबाहेरून बघून झालं. सहाव्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "शहरं लई दाखवलीस. आता एखादं गाव दाखव की."

अण्णा वडगाव मावळचे. ऑर्डनन्स डेपोत उभी हयात गेली. गळ्यात माळ, दरसाल देहूला बीजेला जाणार म्हणजे जाणार. ऑक्टोबरचा पहिला शनिवार तोंडावर आला होता, म्हणून मी जर्मनटाऊन काढलं. आज ते फिलाडेल्फिया शहरात मोडतं, पण १८५४ पर्यंत वेगळं होतं. एकच लांबलचक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं, अशी त्याची मूळची वस्ती. ४ ऑक्टोबर १७७७ ला पहाटे त्याच रस्त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची फौज इंग्रजांवर चालून गेली आणि एका न्यायमूर्तींच्या दगडी घरापाशी अडकली. ते घर म्हणजे क्लिव्हडन. दरवर्षी त्याच सुमाराला तिथे लढाईचा प्रयोग होतो.

शुक्रवार: बाजार, भिंत आणि एक टेबल

एक्स्टनहून सकाळची ट्रेन पकडून शहरात उतरलो आणि आधी रीडिंग टर्मिनल मार्केट गाठलं. स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. इथे लँकेस्टरकडचे आमिश ह्या ख्रिस्ती पंथाचे लोक आठवड्यातले ठरावीकच दिवस दुकानं लावतात, म्हणून शुक्रवार निवडला होता. प्रेट्झेलच्या गाळ्यावर पांढरी टोपी घातलेल्या पोरी इतक्या झपाट्याने पिळे घालत होत्या की अण्णा चकली पाडणाऱ्या बायकांकडे बघावं तसे बघत राहिले. ताजा, लोण्यात बुडवलेला प्रेट्झेल त्यांना पसंत पडला. बरोबर घेतलेलं सफरचंदाचं दाट, काळपट अ‍ॅपल बटरही आवडलं. "लोणी कुठंय ह्यात?" नाहीच. नुसती सफरचंदं आटवलेली.

मग जर्मनटाऊन. फिलाडेल्फियात 'चेस्टनट हिल' नावाच्या दोन लाइनी आहेत, ईस्ट आणि वेस्ट. दोन्ही जवळजवळ समांतर जातात. आम्ही अर्थातच चुकीच्या गाडीत बसलो आणि वॉशिंग्टन लेनला उतरून पायपीट केली. तुम्हाला क्लिव्हडनला जायचं असेल तर वेस्टची गाडी घ्या आणि अप्सल स्टेशनला उतरा. तिथून घर अगदी जवळ आहे.

चुकल्याचा एक फायदा झाला, रस्ता पायांखालून गेला. जर्मनटाऊन अ‍ॅव्हेन्यूवर अजून दगडी चिरे आहेत आणि त्यांत ट्रॉलीचे रूळ रुतलेले आहेत. ट्रॉली १९९२ पासून धावत नाही. केस विंचरायची दुकानं, चर्च, मोबाइल दुरुस्ती, बंद पडलेलं एखादं थिएटर आणि त्यांच्या मधेच अठराव्या शतकातलं एखादं दगडी घर. वस्ती मुख्यतः आफ्रिकन-अमेरिकन आहे. एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसलेल्या आजोबांनी अण्णांच्या टोपीकडे बघून आपली हॅट उचलली, अण्णांनी हात जोडले. पुढे दोन दिवस येता-जाता हे चालू राहिलं.

दुपारी मेनोनाइट ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं १७७० चं प्रार्थनागृह बघितलं. (आधी लिहून वेळ घ्यावी लागते, नुसतं जाऊन उभं राहिलात तर कुलूप दिसेल.) आत एक साधं लाकडी टेबल आहे. १६८३ साली जर्मनीतल्या क्रेफेल्डकडून तेरा कुटुंबं इथे आली आणि पाचच वर्षांनी, १६८८ मध्ये, गावातल्या चौघांनी गुलामगिरी चूक आहे असा लेखी अर्ज आपल्याच क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या सभेपुढे ठेवला. वसाहतींमधला असा हा पहिलाच अर्ज. त्यावर सह्या ह्याच टेबलावर झाल्या असं सांगतात. सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने आणखी वर, आणि तिथे तो पडून राहिला. अण्णा म्हणाले, "म्हणजे फाइल फिरली." सरकारी नोकरीतल्या माणसाला आणखी समजावून सांगावं लागलं नाही.

ह्याच आवाराच्या भिंतीआड लपून कुणीतरी जनरल अ‍ॅग्न्यू ह्या इंग्रज सेनापतीला गोळी घातली, अशी गावातली गोष्ट. मेनोनाइट म्हणजे शस्त्र न धरणारे लोक, आणि नेमकी त्यांच्याच कबरस्तानाची भिंत कामी आली.

"गाव कुणाच्या बाजूचं होतं?" अण्णांनी विचारलं.

आम्हाला फिरवणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, हाच तर घोळ आहे. मेनोनाइट, डंकर, क्वेकर हे लढायलाही तयार नव्हते आणि नव्या सरकारची शपथ घ्यायलाही. धर्मात बसत नव्हतं. शपथ नाही म्हणजे शत्रू, असा हिशेब होता. सप्टेंबर १७७७ मध्ये क्रांतिवाल्यांनी फिलाडेल्फियातले वीसेक लोक, बहुतेक क्वेकर, खटला न चालवता व्हर्जिनियात हद्दपार केले. त्यातले दोघे तिथेच वारले.

मग त्यांनी ख्रिस्तोफर सॉवरची हकीकत सांगितली. ती मला अजून सोडत नाही. सॉवर बापलेक जर्मनटाऊनचे छापखानेवाले. बापाने १७४३ मध्ये जर्मन बायबल छापलं. युरोपीय भाषेत अमेरिकेत छापलेलं ते पहिलं बायबल. मुलाने १७७६ ला तिसरी आवृत्ती काढली. तिचे न बांधलेले फर्मे पडून होते. लढाईच्या वेळी सैनिकांनी ते उचलले आणि काडतुसांना वापरले, म्हणून त्या आवृत्तीला 'गन-वॉड बायबल' असंच नाव पडलं. धाकटा सॉवर डंकर पंथाचा, शस्त्राला न शिवणारा. त्याची मुलं मात्र इंग्रजांना मिळाली. १७७८ मध्ये क्रांतिवाल्यांनी ह्या धाकट्या सॉवरला धरलं, त्याची दाढी कापली, अंगाला रंग फासला आणि सगळी मालमत्ता लिलावात काढली.

अण्णा बराच वेळ गप्प. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुकोबांची गाथा पाण्यात घातली, ती तरून वर तरी आली. ही पार जळाली की गं."

शनिवार: लढाई

पुन्हा अप्सल. ह्या वेळी बरोबर लाइन. फाटकापासूनच गर्दी, पोरं खांद्यावर लाकडी बंदुका घेऊन पळतायत, कुठे मक्याच्या लाह्या, कुठे लोहाराचा भाता. ऊन असं की स्वेटर कमरेला बांधावे लागले. मूळ लढाईचा सगळा घोटाळा धुक्यामुळे झाला होता, आणि आमच्या डोक्यावर निळंशार आभाळ. अण्णा नाराज.

घर समोरून बघितलं की दबदबा वाटतो. १७६३ ते १७६७ ह्या काळात बांधलेलं, दोन मजली, डोक्यावर दगडी कलश. दगड तिथलाच, विसाहिकन खोऱ्यातला, त्यात अभ्रक आहे, त्यामुळे ऊन पडलं की भिंत चमचमते. अण्णा आधी कडेने फिरून आले. दर्शनी भिंतीला घडीव, चौकोनी चिरे, बाकीच्या बाजूंना ओबडधोबड दगड आणि वर गिलावा. "पुढून साहेब, मागून आपल्यासारखंच," हा त्यांचा शेरा. मग त्यांनी दर्शनी दगडांवरच्या खळग्यांत बोट घालून बघितलं. गोळ्यांच्या खुणा. आवारात संगमरवरी पुतळे आहेत, त्यांची डोकीही तेव्हाच उडाली म्हणतात. लढाईत चाळण झालेलं पुढचं दार काढून वेगळं जपून ठेवलंय, ते चुकवू नका.

घर बेंजामिन च्यू ह्यांचं. पेनसिल्वेनिया वसाहतीचे मुख्य न्यायमूर्ती. शहरातला उन्हाळा आणि साथी टाळायला बांधलेला बंगला. जन्माने क्वेकर, पुढे अँग्लिकन झालेले. वॉशिंग्टन ओळखीचे, इंग्रज गव्हर्नर पेनसुद्धा जवळचे. क्रांती झाली, न्यायमूर्तिपद गेलं. कुठल्याच बाजूला स्पष्ट हो म्हणेनात, म्हणून १७७७ मध्ये त्यांना आणि पेन ह्यांना अटक करून न्यू जर्सीतल्या एका लोखंडाच्या कारखान्याच्या गावी नजरकैदेत ठेवलं. म्हणजे त्यांच्या अंगणात लढाई झाली तेव्हा मालक तिथे नव्हतेच.

"पण हे कुणाच्या बाजूचे?" हा प्रश्न अण्णांनी मला विचारला, स्वयंसेवक आजीबाईंना विचारला, आणि शेवटी लाल कोट घातलेल्या एका शिपायालाही विचारला.

तो शिपाई म्हणजे निवृत्त पोस्टमन. सावलीत बसून सफरचंदाचा सायडर पीत होता. म्हणाला, च्यू स्वतःच्या बाजूचे होते. अण्णांनी उलट विचारलं, "आणि तू इंग्रज का झालास?" (मी दुभाषी.) तो म्हणाला, सगळेच वॉशिंग्टनच्या फौजेत शिरले तर लढायचं कुणाशी? आणि लाल कोट अंगाला चांगला बसतो.

दुपारी ढोल वाजले आणि सुरुवात झाली. खरी लढाई थोडक्यात अशी: वॉशिंग्टनचे सुमारे ११,००० लोक रात्रभर चालून चार वाटांनी आले. दाट धुकं. इंग्रजांच्या ४० व्या पलटणीचा कर्नल थॉमस मसग्रेव्ह मागे हटता हटता सव्वाशेच्या आसपास माणसांनिशी ह्या घरात घुसला, खालच्या खिडक्यांना अडसर घातले आणि वरून मारा सुरू केला. वळसा घालून पुढे जावं असं वॉशिंग्टनच्या काही अधिकाऱ्यांचं म्हणणं, पण तोफखान्याचा प्रमुख हेन्री नॉक्स म्हणाला की पाठीमागे किल्ला सोडून पुढे जायचं नसतं. पांढरं निशाण घेऊन गेलेल्या अधिकाऱ्यालाच गोळी लागली. तोफगोळे दगडावरून उडून परत आले. जॉन लॉरेन्स आणि एक फ्रेंच अधिकारी गवत घेऊन घर पेटवायला गेले, तेही जमलं नाही. नंतर घराभोवती पन्नासवर अमेरिकन प्रेतं पडली होती. पुढे गेलेल्या तुकड्यांना मागून तोफा ऐकू येऊ लागल्या, गोंधळ उडाला आणि धुक्यात अमेरिकनांनी अमेरिकनांवरच गोळ्या झाडल्या. त्यातल्या एका तुकडीच्या जनरलवर दारू प्यायल्याचा ठपका आला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. तोवर फिलाडेल्फियाकडून कुमक घेऊन धावत आला तो कॉर्नवॉलिस. हो, तोच. शाळेत कायमधारा पद्धत पाठ केली होती ना, ती ह्याचीच.

प्रयोगातला पहिला बार झाला आणि रस्त्यावरच्या चार मोटारींचे भोंगे एकदम कोकलायला लागले. लहान पोरांनी कान झाकले. अण्णा मात्र तल्लीन. ठासणीच्या बंदुका, कागदी काडतूस दाताने फाडून दारू ओतायची, गज मारायचा. कुणाची बंदूक पेटली नाही हे त्यांना धूर बघून कळत होतं. "फुसकी... ही पण फुसकी... गारगोटी बोथट झालीय त्याची." शेजारच्या दोन अमेरिकन मुलांना भाषा कळत नव्हती, पण अण्णांनी बोट दाखवलं की ती "फुस्की!" असं ओरडायला लागली. नंतर एक सैनिक स्वतःहून चकमक दाखवायला आला. खरंच बोथट होती.

जाणाऱ्यांसाठी: सावलीच्या जागा कमी, घडीची खुर्ची न्या. तान्हं मूल किंवा कुत्रा असेल तर लांब उभे राहा. कार्यक्रमाचं वेळापत्रक त्या त्या वर्षी बघून घ्या. आणि शाकाहारी असाल तर पोटाची सोय बरोबर असू द्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तिच्यातली अर्धी पोस्टमनच्या पलटणीत खपली.

संध्याकाळी घराच्या आतला फेरा. पुढच्या दालनातले खांब, जुनी कोचं, आरसे. च्यू कुटुंबाच्या सात पिढ्या ह्या घराशी जोडलेल्या. मधे १७७९ ला विकलं होतं, १७९७ ला परत घेतलं. १९७२ मध्ये ते राष्ट्रीय वारसा संस्थेकडे गेलं. च्यूंचं पुढे काय झालं, तर काहीच वाईट नाही. क्रांतीनंतर परत वरिष्ठ न्यायाधीश झाले. मुलगी पेगी इंग्रजांच्या ताब्यातल्या फिलाडेल्फियात मे १७७८ च्या जंगी समारंभात मिरवली, तेव्हा तिचा 'सरदार' झालेला इंग्रज अधिकारी जॉन आंद्रे पुढे हेर म्हणून फासावर गेला. पेगीने १७८७ ला लग्न केलं ते जॉन हॉवर्डशी, जो तिच्याच बापाच्या घरावरून अमेरिकन फौजेबरोबर पुढे गेला होता. आंद्रेचं कौतुक निघालं की हॉवर्ड चिडायचा, असं सांगतात.

अण्णा म्हणाले, "मोठ्या घरांचं असंच. आपल्याकडं राघोबादादा इंग्रजाला घेऊन आले, बारभाई आडवे झाले. घर एकच." आणि मग मला एकदम सुचलं की हे सगळं एकाच वेळचं. जर्मनटाऊन ऑक्टोबर १७७७ आणि आमचं वडगाव जानेवारी १७७९. इकडे घरात कोंडून घेऊन इंग्रज वाचला, तिकडे वडगावात कोंडला गेला आणि तह करून सुटला. वेशीतला महादजींचा पुतळा आठवून अण्णा छाती काढून चालायला लागले.

रात्री घरी येऊन मी मसग्रेव्हचं पुढे काय झालं ते शोधलं. १७८७ मध्ये खास हिंदुस्थानासाठी ७६ वी पलटण उभी राहिली, तिचा कर्नल हाच. ती पलटण १८०३ मध्ये दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्या फौजेशी लढली आणि तिच्या बिल्ल्यावर हत्ती आला. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्याला तिथंच पेटवायला पायजे होता. गवत ओलं असणार."

रविवार: धुकं

आणि सकाळी धुकं! खिडकीतून समोरचं झाड दिसेना. अण्णा सहालाच टोपी घालून तयार. "चल, आता बघू." गाडी काढली, दिवे लावून हळूहळू गेलो. क्लिव्हडनचं फाटक बंद. गजांतून बघितलं तर घर नाही. नुसता पांढरा कापूस. मग एखाद मिनिटात कलश दिसले, मग गेले. राजमाचीला जाताना होतं तसं. खाली कुणीतरी झाडू मारत होतं, त्याचा खर्र खर्र आवाज आमच्या अगदी कानाशी आणि माणूस कुठे दिसेना. शत्रू कुठला आणि आपला कुठला, कसं कळलं असेल ह्यात?

तेवढ्यात कुत्रं फिरवायला निघालेल्या एक बाई थांबल्या. कृष्णवर्णीय, साठीच्या पुढच्या. ह्याच भागात वाढलेल्या. लहानपणी ह्या भिंतीला हात लावत शाळेत जायच्या, पण आत पहिल्यांदा गेल्या त्या पन्नाशीत. आत जाण्यासारखं आपलं काही तिथे आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाल्या. मग च्यू कुटुंबाची कागदपत्रं नीट लावली गेली आणि डेलावेअरमधल्या त्यांच्या मळ्यांवरच्या गुलामांच्या याद्या, व्यवहार, पत्रं बाहेर आली. आता संग्रहालय ते उघड मांडतं. आम्ही शनिवारी घाईत तो भाग नुसता चाळला होता. तुम्ही तसं करू नका, निवांत वेळ ठेवा.

त्यांनीच सांगितलं, चर्चला जा, मदर बेथेल. रिचर्ड अ‍ॅलन १७६० मध्ये गुलाम म्हणून जन्मला, तो ह्याच बेंजामिन च्यूंच्या मालकीत. लहानपणीच आईबाप-भावंडांसकट डेलावेअरमधल्या एका शेतकऱ्याला विकला गेला. पुढे लाकडं फोडून, विटांच्या भट्टीवर राबून त्याने स्वतःला विकत घेतलं. क्रांतियुद्धाच्या दिवसांत तो मिठाची गाडी हाकत होता. आणि १७९४ मध्ये त्याने फिलाडेल्फियात बेथेल चर्च सुरू केलं, जिथून कृष्णवर्णीयांचा अख्खा स्वतंत्र पंथ उभा राहिला.

सहाव्या आणि लोम्बार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर ते आहे. जागा तीच, इमारत नंतरची. पोचलो तर प्रार्थना रंगात आलेली. दारातल्या बाईंनी काही न विचारता आम्हाला मधल्या बाकावर नेऊन बसवलं. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. अण्णांनी पाचव्या टाळीला ताल पकडला आणि डोळे मिटले. मग पाय हलायला लागले, पावली घालताना हलतात तसे. शेजारच्या आजी खूश. प्रार्थना संपल्यावर त्यांनीच तळघरात अ‍ॅलन आणि त्यांची पत्नी सारा ह्यांची समाधी दाखवली. अण्णांनी चपला काढल्या. ऑक्टोबरात चपला, मोज्यांवर, पण काढल्या.

परतीच्या वाटेवर धुकं उठलं होतं. अण्णांनी गाडीतूनच वडगावला फोन लावला, दिंडीतल्या मित्राला. मला वाटलं आता मसग्रेव्ह, महादजी, अ‍ॅलन सगळं निघणार. तर त्यांनी सुरुवात केली ती मी शनिवारी परतीच्या ट्रेनमध्ये सहज सांगितलेल्या गोष्टीने. लढाईनंतर अमेरिकन छावणीत एक कुत्रं सापडलं, गळपट्ट्यावर इंग्रज सेनापती हाऊचं नाव. ६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनने दोन ओळींची चिठ्ठी लिहून ते हाऊकडे परत धाडलं.

"आरं, हजार-अकराशे माणूस गमावलेला," अण्णा फोनमध्ये ओरडत होते, "आन् दुसऱ्याचं कुत्रं सांभाळून परत पाठवतोय! ...नाय, मला काय माहीत कुठल्या जातीचं. थांब, पोरीला विचारतो."